ला पाझ : पैशाला स्वस्त, दमाला महाग

ला पाझमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईतल्या दाबाच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरतो, त्यामुळे उकळायला पाण्याला शंभर अंश गाठावेच लागत नाहीत. भांड्यात बुडबुडे जोरात येतात आणि डाळ मात्र टणक ती टणकच. हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात वरण-भात लावून चार पैसे वाचवू, असा बेत करून आलेल्या माणसाला हा धडा पहिल्याच रात्री मिळतो. इथे डाळ शिजवायची तर प्रेशर कुकर हवा, नाहीतर सरळ मंडईत जाऊन जेवावं. दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा आहे, त्याबद्दल पुढे.

बोलिव्हियाच्या या शहरात उंची ही नुसती भूगोलाच्या पुस्तकातली बाब नाही. घराचं भाडं, जेवणाची वेळ, रस्त्यांची ठेवण, फुटबॉलच्या सामन्याचा निकाल या सगळ्यांत ती हात घालते. टॅक्सीनं आणि टूर कंपनीच्या गाडीनं फिरणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही. पाठीवर सॅक टाकून मिनिबसनं हिंडणाऱ्याला मात्र दिवसातून चारदा चढ-उतार करावी लागते आणि शहराचा हिशेब त्याच्या पायांना आधी कळतो.

स्पॅनिश कप्तान आलोन्सो दे मेन्दोसा यानं २० ऑक्टोबर १५४८ रोजी या शहराची स्थापना केली ती लाहा नावाच्या गावी, वरच्या उघड्या पठारावर. तिथला वारा आणि थंडी सोसेना, म्हणून काही दिवसांतच वस्ती खाली चोकेयापू नदीच्या खोऱ्यात हलवली. तेव्हापासून ला पाझ एका खोल वाडग्यात वसलेलं आहे. जगातल्या बऱ्याच शहरांत श्रीमंत टेकडीवर आणि गरीब पायथ्याशी राहतात. इथे उलटं. जितकं खाली उतराल तितकी हवा दाट, ऊब जास्त आणि जमीन महाग. दक्षिणेकडचा ‘सोना सुर’ हा पैसेवाल्यांचा भाग मुख्य शहरापेक्षा तीन-चारशे मीटर खाली आहे. वाडग्याच्या काठावर, ४,१०० मीटरच्या सपाट पठारावर, एल आल्तो पसरलंय. १९८५ मध्ये जागतिक बाजारात कथलाचे भाव कोसळले, सरकारी खाणी बंद पडल्या, हजारो खाणकामगार बेकार झाले. त्यातले कितीतरी इथे येऊन विटांची घरं बांधून राहिले. पूर्वी ला पाझचं उपनगर असलेलं एल आल्तो आज स्वतंत्र शहर आहे, बहुतांश आयमारा या मूळनिवासी लोकांचं, आणि लोकसंख्येत ला पाझच्या पुढे गेलेलं.

विमानतळ या एल आल्तोमध्ये आहे, ४,०६१ मीटरवर. धावपट्टी चार किलोमीटर लांबीची, कारण विरळ हवेत विमानाला उचल मिळायला जास्त धाव घ्यावी लागते. भारतातून थेट विमान नाही. दोन-तीन ठिकाणी बदलून यावं लागतं. आणि इथेच स्वस्त प्रवासाचा पहिला फायदा पदरात पडतो. थेट ला पाझला उतरण्यापेक्षा सखल भागातल्या सांता क्रूझला उतरावं. ते शहर चारशे मीटरवर आहे, दमट आणि गरम. तिथून रात्रीच्या बसनं कोचाबांबा गाठावं (साधारण २,५५० मीटर), दोन-तीन दिवस मुक्काम करावा आणि मग दिवसाच्या बसनं ला पाझ. पेरूकडून येणाऱ्यांनी कुस्को किंवा पुनोमार्गे यावं. पैसे वाचतात हे खरंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे शरीराला पायऱ्या मिळतात. बसचं तिकीट काढलं तरी बसस्थानकावर ‘स्थानक वापरा’ची छोटी वेगळी पावती घ्यावी लागते. ती नसेल तर बस फाटकातच थांबवून उतरवतात, हे आधी कुणी सांगत नाही.

या पायऱ्या शरीराला का लागतात, ते समजून घेण्यासारखं आहे. उंचावर हवेत प्राणवायूचं प्रमाण तेवढंच असतं, एकवीस टक्के. कमी होतो तो दाब, म्हणून एका श्वासात येणारा प्राणवायू कमी. शरीर लगेच जोरात श्वास घ्यायला लागतं. त्यानं प्राणवायू थोडा वाढतो, पण कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होतं. मग मेंदू श्वासाला लगाम घालतो, विशेषतः झोपेत. पहिल्या रात्री दचकून जाग येते ती यामुळे. मूत्रपिंडं हळूहळू बायकार्बोनेट बाहेर टाकून हा तोल सावरतात. त्याला काही दिवस लागतात. डायमॉक्स म्हणून ओळखली जाणारी गोळी नेमकं हेच काम लवकर करून घेते, म्हणून ती चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं एवढं चालून जातं. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला तर औषध एकच, खाली उतरणं.

स्थानिक उपाय म्हणजे कोकाच्या पानांचा चहा. तो कुठल्याही टपरीवर मिळतो आणि बोलिव्हियात पूर्ण कायदेशीर आहे. पान चघळण्याच्या परंपरेसाठी या देशानं २०१२ मध्ये अमली पदार्थांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार सोडला आणि २०१३ मध्ये आपली अट नोंदवून तो पुन्हा स्वीकारला. एवढा राष्ट्रीय मान असला तरी चहाची एकही पुडी सॅकमध्ये टाकून देशाबाहेर नेऊ नये. बहुतेक देशांत तो गुन्हा आहे.

शहर समजून घ्यायला सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे तेलेफेरिको, म्हणजे केबल कार. पर्यटकांचा पाळणा नव्हे, रोजची लोकल आहे ती. ३० मे २०१४ रोजी पहिली, लाल लाइन सुरू झाली. त्याच वर्षी पिवळी आणि हिरवीही आली, म्हणजे राष्ट्रध्वजाचे तिन्ही रंग पुरे झाले. २०१९ पर्यंत लाइन दहा झाल्या, एकूण लांबी तीस किलोमीटरच्या आसपास. शहरी वाहतुकीसाठी एवढं मोठं केबल कारचं जाळं जगात दुसरं नाही. खोऱ्याच्या उभ्या कड्यांवर मेट्रो खोदणं परवडणारं नव्हतं आणि नागमोडी रस्त्यांवर मिनिबस तासन्‌तास अडकायच्या. ऑस्ट्रियातल्या बर्फाच्या डोंगरांसाठी बनलेलं यंत्र त्यावर तोडगा ठरलं. तिकीट अनेक वर्षं ३ बोलिव्हियानो होतं, दुसऱ्या लाइनला जोडून गेलात तर वर आणखी २. पिवळ्या लाइननं एल आल्तोच्या काठावरून सुटायचं आणि खाली हिरवी पकडून इर्पावीपर्यंत जायचं. विटांच्या उघड्या भिंती, पत्र्याची छपरं, मग इमारती, मग पोहण्याचे तलाव असलेले बंगले पायाखालून सरकतात. समाजशास्त्राचं एखादं जाडजूड पुस्तक जे सांगेल ते या अर्ध्या-पाऊण तासात दिसतं. लाल लाइन मोठ्या कब्रस्तानावरून जाते. मजल्यांवर मजले चढवलेल्या कोनाड्यांची ती जणू दुसरी वस्तीच आहे.

वर एल आल्तोत गुरुवारी आणि रविवारी ‘१६ दे हुलियो’चा बाजार भरतो. गाडीच्या सुट्या भागांपासून जुन्या स्वेटरपर्यंत काहीही मिळतं. थंडीचे कपडे भारतातून ओझं करून नेण्यापेक्षा इथे जुने विकत घ्यावेत. मे ते ऑक्टोबर या कोरड्या हिवाळ्यात रात्री पारा शून्याजवळ जातो आणि स्वस्त हॉस्टेलांत खोली गरम करायची सोय सहसा नसते. बाजारात पाकीट पुढच्या खिशात ठेवावं. त्याच परिसरात फ्रेडी मामानी या वास्तुशिल्पकाराच्या रंगीबेरंगी इमारती आहेत: खाली दुकानं, मधे लग्नाचा भव्य हॉल, वर मालकाचं घर. तिवानाकु या जवळच्या प्राचीन ठिकाणच्या दगडी नक्षीतले आकार आणि आयमारा विणकामातले रंग घेऊन त्यानं नव्यानं पैसा आलेल्या व्यापाऱ्यांना अशी घरं बांधून दिली. खालचे सुशिक्षित लोक त्यांना भडक म्हणून नाकं मुरडायचे. मला विचाराल तर सोना सुरमधल्या काचेच्या मनोऱ्यांपेक्षा याच इमारती या शहराच्या वाटतात.

आता जेवण. इथे दुपारचं जेवण मुख्य. मंडईत किंवा गल्लीतल्या खानावळीत ‘अल्मुएर्सो’ मागितलं की आधी वाडगाभर सूप, मग भात-बटाट्यासोबत मुख्य पदार्थ, कुठे शेवटी फळ, असं ठरीव ताट ठरीव किमतीत येतं. दिवसातलं सगळ्यात स्वस्त आणि पोटभर जेवण हेच. संध्याकाळी तेच हॉटेल दुप्पट घेईल. सकाळी सालतेन्या, म्हणजे आत रस भरलेली, भाजलेली करंजीच्या आकाराची पेस्ट्री; दुपारनंतर ती सहसा संपलेली असते. थंडीत जांभळ्या मक्याचं गरम, दालचिनी घातलेलं ‘आपी’ प्यावं. शाकाहारी माणसानं मात्र सावध असावं. ‘कार्ने’ नको म्हटलं तर फक्त गोमांस वगळतात, कोंबडी येते. आणि शेंगदाण्याचं अप्रतिम सूपसुद्धा बहुतेकदा हाडांच्या रश्श्यात केलेलं असतं. अशा वेळी मंडईतलं चीज, पाव, ॲव्होकाडो आणि फळं यांवर एक वेळ निभावते.

टेबलावर ‘याख्वा’ची वाटी असतेच. लोकोतो नावाची जाड मिरची, टोमॅटो आणि एक उग्र वासाचा पाला दगडावर वाटून ती करतात. आपला ठेचा टोमॅटोच्या पाण्यात सैल केला तर जसा लागेल तशी. यात नवल नाही, कारण मिरची निघाली ती याच खंडातून. बटाट्याची लागवड पहिल्यांदा झाली ती तितिकाका सरोवराच्या आसपासच्या अँडीज पठारावर. भुईमूग दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पट्ट्यातला. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा ब्राझीलकडचा. म्हणजे आषाढी एकादशीला महाराष्ट्रात ताटात पडणारी साबुदाण्याची खिचडी जवळजवळ अख्खी दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे. आपलं त्यात तूप आणि जिरं. अर्थात जिरंही मूळचं पश्चिमेकडून आलेलं, पण तो वाद इथे नको.

बटाट्याचा एक प्रकार मात्र आपल्याकडे आला नाही, तो म्हणजे चुन्यो. जून-जुलैच्या कडक रात्री छोटे बटाटे उघड्यावर पसरतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हात सुटतात, मग पायांनी तुडवून पाणी काढतात. काही दिवसांत काळा, खडखडीत, हलका बटाटा तयार होतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. थंडी, कोरडी हवा आणि कडक ऊन हे उंचीचे तिन्ही शाप इथल्या माणसानं साठवणुकीच्या कामाला लावले. चव मातकट असते, पहिल्या घासाला आवडत नाही. ‘चाइरो’ सुपात खाल्लं तर जमतं.

शहराचं जुनं केंद्र पायी, फुकट पाहून होतं. सान फ्रान्सिस्को चर्चच्या दर्शनी भिंतीवर ख्रिस्ती संतांच्या शेजारी स्थानिक कारागिरांनी कोरलेली अँडीजची फळं-पानं आहेत. मागच्या चढावरच्या लिनारेस गल्लीत ‘चेटकिणींचा बाजार’ भरतो. यामा (लामा) या प्राण्याचे सुकवलेले गर्भ टांगलेले पाहून परदेशी लोक कॅमेरे काढतात. पण तो बाजार त्यांच्यासाठी नाही. नवं घर बांधताना पाचामामा या भूमातेला नैवेद्य म्हणून तो गर्भ पायात पुरतात, आणि शहरातला सिमेंटच्या इमारती बांधणारा ठेकेदारही त्याला चुकत नाही. फोटो विचारून काढावा, नकार आला तर गुपचूप पुढे जावं. मुरियो चौकात संसदेच्या दर्शनी भागावरचं घड्याळ २०१४ मध्ये उलटं फिरायला लावलं: दक्षिण गोलार्धात छायाघड्याळाची सावली त्याच दिशेनं सरकते, मग आम्ही उत्तरेचं घड्याळ का मानायचं, असा सरकारचा सवाल होता. घटनेनुसार राजधानी सुक्रे, पण १८९९ च्या यादवीनंतर सरकार इथे बसतं. त्यामुळे मोर्चे आणि रस्ता रोकोही इथेच. परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस हातात ठेवावेत, कारण ‘ब्लोकेओ’ सुरू झाला की बस निघत नाही आणि पैसे असोत-नसोत, सगळे सारखेच अडकतात.

फुटबॉलचं आधीच म्हटलं. फिफानं मे २००७ मध्ये २,५०० मीटरच्या वर आंतरराष्ट्रीय सामन्यांवर बंदी घातली आणि बोलिव्हियानं इतका गदारोळ केला की वर्षभरात ती मागे घ्यावी लागली. १ एप्रिल २००९ रोजी माराडोना प्रशिक्षक असलेला अर्जेंटिनाचा संघ ला पाझमध्ये ६–१ असा हरला. २०२४ मध्ये तर बोलिव्हियानं घरचे सामने आणखी वर, एल आल्तोच्या स्टेडियमवर नेले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे ब्राझीललाही १–० नं लोळवलं. स्थानिक सामन्याचं तिकीट परवडतं. गॅलरीत बसून पाहण्यासारखं काही असेल तर ते पाहुण्या खेळाडूंचे उत्तरार्धातले चेहरे.

आसपासच्या ठिकाणांपैकी तिवानाकु चुकवू नये. शहरापासून सुमारे ७० किलोमीटर. मोठ्या कब्रस्तानाजवळून मिनिबस भरली की सुटते. इंका राज्याच्या कित्येक शतकं आधी, साधारण इ.स. ५०० ते १००० या काळात हे एका मोठ्या संस्कृतीचं केंद्र होतं. एका अखंड दगडातलं ‘सूर्यद्वार’ सुमारे दहा टन वजनाचं आहे. सात मीटरहून उंच असलेला बेनेट स्तंभ अनेक दशकं ला पाझच्या स्टेडियमजवळ धुरात आणि पावसात झिजत उभा होता. २००२ मध्ये तो परत आणून संग्रहालयात ठेवला. पण मला या जागेचं खरं आश्चर्य दगडांत वाटत नाही, शेतांत वाटतं. ३,८५० मीटरवर, जिथे कोणत्याही रात्री दव गोठून पीक जळतं, तिथे एवढ्या लोकांना धान्य कुठून मिळालं? उत्तर आहे ‘सुका कोल्यू’: सरोवराकाठच्या पाणथळ जमिनीत उंच वाफे आणि मधे पाण्याचे चर. दिवसभर चरातलं पाणी उन्हानं तापतं, रात्री ती ऊब सावकाश सोडतं आणि वाफ्यावरची हवा गोठणबिंदूच्या किंचित वर राहते. चरातला गाळ पुन्हा खत म्हणून वाफ्यावर. १९८०च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी स्थानिक शेतकऱ्यांबरोबर असे वाफे पुन्हा करून पाहिले, तेव्हा दंवाच्या रात्रीही पीक तगलं. गाइड बहुधा सूर्यद्वाराजवळ अर्धा तास घालवतो आणि याबद्दल दोन वाक्यं बोलतो, आपणहून विचारावं.

चाकालतायाला माणसं आता एका नसलेल्या गोष्टीसाठी जातात. ५,४२१ मीटरच्या या शिखराच्या उतारावर एके काळी जगातलं सर्वांत उंच स्की-मैदान होतं. तिथली हिमनदी २००९ मध्ये पूर्ण वितळून गेली. खाली उरलीय ती वैश्विक किरणांची प्रयोगशाळा. १९४७ मध्ये सेझार लातेस या तरुण ब्राझिलियन शास्त्रज्ञानं इथे ठेवलेल्या छायाचित्रण-पट्ट्यांवर पायॉन या कणाचे माग सापडले आणि त्या संशोधनासाठी गटप्रमुख सेसिल पॉवेल यांना १९५० चं नोबेल मिळालं. त्याआधी काही वर्षं आपल्याकडे बिभा चौधुरी आणि देवेंद्रमोहन बोस यांनी दार्जिलिंगकडच्या डोंगरांत अशाच पट्ट्या ठेवून अशाच कणांचा मागोवा घेतला होता. युद्धकाळात चांगल्या प्रतीच्या पट्ट्या मिळेनात म्हणून काम अडलं. शहरात आठवडाभर मुरल्याशिवाय मात्र चाकालतायाच्या वाटेला जाऊ नये.

तितिकाकाकाठचं कोपाकाबाना बसनं चार तासांत गाठता येतं. वाटेत तिकिना इथे बस तराफ्यावर आणि प्रवासी वेगळ्या होडीत अशी फेरी असते. १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात चिलीनं या देशाचा समुद्रकिनारा घेतला, तरी बोलिव्हियाला नौदल आहे; ते या सरोवरातही असतं.

उरला युंगास खोऱ्यांकडे उतरणारा ‘मृत्यूचा रस्ता’. ४,६५० मीटरच्या खिंडीपासून १,२०० मीटरपर्यंत, चौसष्ट किलोमीटरची उतरण. १९३०च्या दशकात चाको युद्धातल्या पॅराग्वेच्या कैद्यांकडून खोदून घेतलेला हा रस्ता जेमतेम एका ट्रकच्या रुंदीचा आहे. देशभर वाहनं उजवीकडून चालतात, फक्त इथे डावीकडून: उतरणाऱ्या गाडीचा चालक दरीच्या बाजूला येतो आणि खिडकीतून डोकं काढून आपलं बाहेरचं चाक कड्यापासून किती बोटांवर आहे ते पाहू शकतो. नवा रस्ता झाल्यापासून जुन्यावर मुख्यतः सायकली असतात. संपूर्ण सहलीत पैसे वाचवू नयेत असं ठिकाण हेच. स्वस्त कंपनी स्वस्त असते ती ब्रेकमुळे. निघण्याआधी सायकलचे दोन्ही ब्रेक स्वतः दाबून पाहावेत आणि पसंत पडले नाहीत तर त्या दिवशी जाऊ नये. सायकल नको असेल तर मिनिबसनं नव्या रस्त्यानं कोरोइकोला जावं. केळी, कॉफी, कोकाची शेतं, आणि पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी आणलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांची गावं.

रोकड डॉलरमध्ये न्यावी, नोटा कोऱ्या असाव्यात. कोपरा फाटलेली नोट कुणी घेत नाही. २०११ पासून एक डॉलर म्हणजे सुमारे ७ बोलिव्हियानो असा सरकारी दर बांधलेला होता, पण २०२३ मध्ये देशात डॉलरची टंचाई झाली आणि बाहेरचा दर त्याच्या बराच वर गेला. त्या काळात कार्डानं पैसे काढणारा प्रवासी रोकडवाल्यापेक्षा सगळंच महाग विकत घेत होता. ही दरी बदलती आहे, तेव्हा पोचल्यावर दोन-तीन ठिकाणी विचारूनच नोट मोडावी.

युंगासमध्ये उतरायचं असेल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. मुंबई-पुण्यात सरकारमान्य केंद्रांवर ती मिळते आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. ला पाझ शहरात हा आजार नाही, म्हणून बरेच जण ती टाळतात. पण भारत सरकारच्या यादीत बोलिव्हिया हा देश पीतज्वराचा आहे, शहर कोणतं हे कुणी पाहत नाही. तिथून निघून सहा दिवसांच्या आत परतलेल्या आणि पिवळं प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं, मग पासपोर्ट भारतीय असला तरी. ते प्रमाणपत्र सॅकच्या तळाशी नको, पासपोर्टमध्येच असू द्यावं.